इनामगावच्या रोजनिशीसाठी मनापासून आभार

आदरणीय काका,
सा. न.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननावर बेतलेली आमच्या काल्पनिक पुरातत्त्वज्ञाची रोजनिशी पुरी झाली. समासात तुम्ही पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्यांमुळेच ती उभी राहिली.

सगळ्यात मोठं ऋण दफनाच्या नोंदीचं. तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन कुंभ, आत लहान मूल. कुंभ माळवा थरात, म्हणजे वस्तीच्या सगळ्यात जुन्या काळाच्या थरात, टेकलेले, म्हणून दफन माळवा काळाचं, असं आम्ही लिहून टाकलं होतं. समासात तुमचा एकच प्रश्न होता: ‘खड्डा कुठल्या जमिनीतून खणलाय?’ माळवा काळानंतरच्या जोर्वे काळातल्या घराची चोपलेली जमीन फोडून खड्डा खाली गेला, की त्याचा तळ जुन्या थरात पोचतो. दफनाचा काळ मात्र त्या घराचाच. खड्ड्याची कड शोधायची रीतही तुम्ही लिहून दिलीत. खुरपीने माती पातळ तासायची, पाण्याचा हलका शिडकावा द्यायचा आणि सुकताना बघत राहायचं. भरावाची भुसभुशीत माती ओल वेगळी धरते, रंगात फरक पडतो, गोल उमटतो. ती माती आधी उपसून तिची खापरं वेगळ्या पिशवीत भरायची, नाहीतर वरची खापरं खालच्या थरात मिसळून अख्ख्या थराचा काळ चुकतो.

काळ्या मातीचं तर आम्हाला सुचलंच नसतं. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, बारीक मणी त्यातून खाली घसरतो. म्हणून एका मण्यावरून थराचा काळ ठरवू नये.

बाकीच्या दुरुस्त्या छोट्या, पण नेमक्या. खोली पायाखालच्या जमिनीपासून न मोजता डेटमपासून, म्हणजे मोजमापासाठी ठरवलेल्या एका पक्क्या खुणेपासून, मोजायची. कोळशाला हात न लावता तो स्वच्छ अवजाराने उचलून फॉइलमध्ये ठेवायचा. चिठ्ठ्या दोन, एक पिशवीत आणि एक बाहेर, पेन्सिलीने लिहिलेल्या, कारण ओलीने शाई फुटते. आणि गोल झोपड्या उत्तर जोर्वे, म्हणजे जोर्वेच्या शेवटच्या, काळातल्या; आधीच्या जोर्वे वस्तीत आम्ही आता चौकोनी घरं बांधली आहेत!

नाव छापू नका म्हणालात, ते पाळलंय. दफनाच्या नोंदीशेजारी मात्र तुम्ही काढून दिलेला खड्ड्याचा उभा छेदच छापलाय, जमिनीच्या रेषेवरच्या तुमच्या बाणासकट.

आपले कृतज्ञ,
रोजनिशी लिहिणारे आम्ही तिघे