कमी कष्टाचं पीक म्हणे!

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत ज्वारीवर अख्खं पान आलं होतं, फोटो छान होते, भाकरीचा तर फारच छान. लेक सुट्टीला सोलापूरहून आलीय, तिनं मोबाईलवर वाचून दाखवलं आणि मी चुलीपाशी भाकऱ्या थापत ऐकत होते. त्यात एक वाक्य असं होतं की ज्वारी हे कमी पाण्याचं, कमी खर्चाचं आणि कमी कष्टाचं पीक आहे. कमी पाण्याचं म्हणल्यावर मी मान हलवली, कमी खर्चाचं ऐकून गप बसले, पण तिसरं ऐकल्यावर आमच्या आत्या म्हणजे सासूबाई अंगणातनंच ओरडल्या, "त्याला म्हणावं ये की एक दिवस पात धरायला!" (पात म्हणजे काढणीला आपल्या वाट्याला आलेली ओळ.) तर हे पत्र त्यांच्या वतीनं समजा. बोलतीय मी, टाईप लेक करतीय, चुका निघाल्या तर तिच्या.

आम्ही मंगळवेढा तालुक्यातले. अडीच एकर रान, एक गाय, तिचं वासरू, दोन शेरडं, आणि घरात आम्ही पाच माणसं. आमच्या ज्वारीला २०१६ ला जीआय मिळालाय, म्हणजे मंगळवेढ्याची ज्वारी म्हणून सरकारदरबारी नाव लागलंय, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून दामाजीपंतांनी दुष्काळात कोठार उघडलं ती गोष्ट पोराटोरांना पाठ आहे. आम्ही मालदांडी करतो, मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रात निवडलेलं जुनं वाण, स्वातंत्र्याच्या आधीपासनं चाललंय. फुले वसुधा, फुले रेवती अशी नवी वाणं पण आलीत, शेजारी करतात, पण आत्यांना मालदांडीशिवाय भाकरी गोड लागत नाही, विषय संपला.

आता पाण्याचं तुमचं खरं आहे. परतीच्या पावसाची ओल काळ्या रानात मुरलेली असती, त्यावर पेरायचं आणि तीच ओल चार महिने पुरती. संक्रांतीपर्यंत तर खरंच फार काही नसतं, एक-दोन खुरपण्या आणि मग दाणा भरायला लागला की पाखरं राखायची. हुरडा पण तेव्हाच. यंदा आमचे पुण्याचे चुलत दीर गाडी भरून माणसं घेऊन आले, आगटीभोवती बसून गरम हुरडा खाल्ला, शेंगाची चटणी बांधून घेतली, रील काढल्या, आणि जाताना म्हणाले "वहिनी, तुमचं लाईफ भारी आहे". मी म्हणलं, भावजी, महिन्याभरानं या, आणखी भारी असतं. ते हसले. परवा फोन आलता, एक पोतं बाजूला ठेवा म्हणून.

तर सुगी कशी असती ते सांगते, कारण तुमच्या लेखात पेरणी होती, पोषण होतं, ग्लुटेन होतं, फक्त सुगी नव्हती.

आमच्याकडं ज्वारी कापत नाहीत, उपटतात. कापली तर रानात धसकटं राहतात, ती वाळून खिळ्यासारखी होतात, चप्पल फोडून पायात घुसतात आणि पुढं नांगरायला पण ताप. म्हणून एकेक धाट दोन्ही हातांनी गुडघ्याच्या खाली धरायचं, जरा मागं रेलायचं, हिसका द्यायचा, मुळाला आलेलं ढेकूळ पायाच्या कडेवर आपटून झाडायचं आणि आडवं टाकायचं. एका धाटाला काही वाटत नाही. पण एका एकरात अशी हजारो धाटं, आणि फेब्रुवारीत रान एवढं वाळलेलं असतं की भेगेत हात जातो, मुळं दगडात बसल्यासारखी. पहिल्या दिवशी तळहाताला फोड येतात, दुसऱ्या दिवशी ते फुटतात, मग चिंध्या गुंडाळून उपटायचं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात बधिर होतो तेव्हा कुठं काम पळतं. पाल्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात म्हणून आम्ही बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालतो आणि तोंडाला रुमाल, तरी मानेला आणि कोपरात खाज सुटायची ती सुटतीच.

आणि हे काम उन्हात करता येत नाही. ऊन तापलं की पाला कडक होतो, झडतो, आणि पाला झडला की कडब्यात नुसत्या काड्या राहतात, गाय तोंड फिरवती. म्हणून पहाटे साडेतीनला उठून रानात. दव पडलेलं असतं तोवर धाट मऊ असतं. होळीच्या आधीचं चांदणं असलं तर बॅटरीची गरज नाही, दूरवर दुसऱ्यांच्या रानातनं पण नुसता उपटल्याचा आवाज येत असतो, कचकच कचकच, कोणी बोलत नसतं. हे मला आवडतं, खोटं कशाला बोलू. नऊ वाजता न्याहारी, भाकरी पिठलं कांदा, आणि दहा-साडेदहाला उपटणं बंद, मग पेंढ्या बांधायच्या. पेंढी उचलताना आधी पायानं हलवून बघायची कारण खाली विंचू बसलेला असतो, यंदा दोन निघाले.

पोरगा दहावीला आहे. सुगी आणि बोर्डाची परीक्षा दरवर्षी एकत्रच येती, हे कोणी ठरवलं माहीत नाही, ज्यानं ठरवलं त्याच्या घरी ज्वारी नसणार. आम्ही त्याला येऊ नको म्हणलं होतं तरी गणिताच्या आदल्या पहाटे उठून आला, दोन पाती उपटल्या आणि मग आंघोळ करून अभ्यासाला बसला. दुसऱ्या दिवशी पेपर देऊन आल्यावर बोटं दाखवली, पेन धरायच्या जागीच फोड. त्याचे वडील काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवसापासनं मात्र त्याच्या खोलीला बाहेरनं कडी.

मजूर लावा की, असं म्हणाल. मजूर मिळतच नाहीत, आणि मिळाले तर अंगावर, म्हणजे ठरवून ठेक्यानं देऊन एकरी ७००० रुपये मागतात, म्हणजे अडीच एकराचे साडेसतरा हजार. मी त्यांना नावं ठेवत नाही, मी स्वतः उपटलीय, सात हजार जास्त नाहीत. पण आमच्याकडं तेवढे नव्हते म्हणून दीड एकर दिलं आणि एक एकर घरच्यांनी आणि शेजारच्या दोन घरांनी सावडीनं काढलं, मग आम्ही चार दिवस त्यांच्या रानात. पूर्वी मजुरी कणसांतच द्यायचे, आता सगळ्यांना रोख पाहिजे, बरोबरच आहे, रेशनवर धान्य मिळतंय तर कणसं घेऊन काय करायची.

मग कणसं मोडायची. हे बायकांचं काम, पेंढ्यांची ओळ लावून बसायचं आणि विळ्यानं कणीस वेगळं करत जायचं, दिवसभर. पुरुषाला उपटायला ५०० मिळतात तर बाईला कणसं मोडायला ३००, बसून असता म्हणून. (बसून बघा.) खळं आता कोणी करत नाही, तिवड्याभोवती, म्हणजे खळ्यातल्या मधल्या खांबाभोवती, बैलांची पात फिरायची ते मी सासरी आले तेव्हा शेवटचं बघितलं, आता ट्रॅक्टरवरचं मळणी मशीन येतं, तासा-दोन तासात खेळ खलास. पण मशीन आपल्या सवडीनं येत नाही, त्याच्या सवडीनं येतं, आणि तोवर ढगाकडं बघत बसायचं. काढलेल्या ज्वारीवर पाऊस पडला की दाणा काळा पडतो, व्यापारी हातात घेऊन परत टाकतो. २०१४ च्या मार्चमधली गारपीट आठवली की अजून पोटात गोळा येतो, तेव्हा पेंढ्या रानातच होत्या.

यंदा १२ पोती झाली. पाच घरात ठेवली, एक पुण्याचं, बाकी बाजारात. मालदांडीचा हमीभाव २०२५-२६ साठी ३७४९ रुपये क्विंटल आहे, म्हणजे किलोला साडेसदतीस. लेक म्हणती सोलापुरात मॉलमध्ये मिलेट लिहिलेलं पाकीट घेतलं तर अर्ध्या किलोलाच तेवढे जातात. २०२३ ला जागतिक भरडधान्य वर्ष झालं तेव्हा आमच्याकडं पण कार्यक्रम झाला, टोपी मिळाली, ती हे अजून रानात घालतात.

खरा हिशोब कडब्याचा असतो, हे तुमच्या लेखकाला कोणी सांगितलं नाही वाटतं. अकराशे पेंढ्या निघाल्या, कधी कधी तर धान्यापेक्षा कडबाच जास्त हात देतो, आणि गाय आहे म्हणून घरात दूध आहे, दुधाचे पैसे आहेत म्हणून किराणा आहे. तुमच्या लेखात शेवटी होतं की हार्वेस्टरनं काढणी केली तर प्रश्न मिटेल. दादा, हार्वेस्टर कणीस घेतो आणि कडब्याचा चुरा करून टाकतो. कापणीचं छोटं मशीन एकदा आणून बघितलं गावात, पण मालदांडी माणसाच्या डोक्यावर जाती आणि जरा वारं लागलं की लोळती, लोळलेली धाटं त्यात अडकायला लागली, दुपारपर्यंत मशीनवालाच वैतागून गेला. एवढे इंजिनियर आहेत आपल्याकडं, धाट मोडू न देता उपटून किंवा बुडातनं कापून आडवं टाकणारं, अडीच एकरवाल्याला भाड्यानं परवडणारं काहीतरी कोणी केलं तर त्याचा फोटो देव्हाऱ्यात लावीन. तोवर ज्याला पाणी आलं तो मका नाहीतर ऊस लावणार, आणि त्याला तुम्ही नावं ठेवू नका. आमच्या वस्तीवर पाच वर्षांपूर्वी सगळ्यांची ज्वारी होती, आता चार घरांची आहे, पाणी आल्यावर आमचे हे पण काय करतील मी सांगू शकत नाही.

आत्या मात्र म्हणतात, पाणी आलं तरी अर्धा एकर राहूदे. ७२ च्या दुष्काळात त्या दहा-बारा वर्षांच्या होत्या, आईबरोबर खडी फोडायला जायच्या आणि अमेरिकेहून आलेली मिलो म्हणजे लाल ज्वारी खायच्या. त्या भाकरीची चव अजून सांगतात, म्हणजे चव नव्हती तेच सांगतात. म्हणून घरात पाच पोती असल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही.

पुढच्या वर्षी ज्वारीवर पान काढाल तेव्हा जानेवारीत हुरड्याला नको, फेब्रुवारीच्या शेवटी पाठवा कोणाला तरी. पहाटे साडेतीनला. जुना फुल शर्ट आणायला सांगा.

आपली वाचक,
एक शेतकरीण, ता. मंगळवेढा, जि. सोलापूर

ता. क. : त्याच पानावरच्या पाककृतीत भाकरी तुटू नये म्हणून पिठात दोन चमचे मैदा घालायला सांगितलाय. पीठ जुनं होऊन विरी, म्हणजे चिकटपणा, गेली असेल तर भाकरी तुटणारच. ताजं दळून आणा, कडकडीत पाण्यात मळा, मैदा कशाला. हे आत्यांनी दोनदा सांगितलं लिही म्हणून.