दोन मिनिटांच्या कामाला दोन दिवस

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सोलापुरातल्या बँका, पतसंस्था आणि कारखान्यांच्या कचेऱ्यांत संगणकाचं काम अडतं तेव्हा बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो. पण तो दूर करायची परवानगी जागेवर कोणालाच नसते. तक्रार पुण्या-मुंबईच्या हेल्पडेस्ककडे जाते, तिकीट नंबर (तक्रारीचा क्रमांक) मिळतो आणि काउंटरवरची माणसं ताटकळत राहतात.

‘प्रिंट निघत नाही’ हीच तक्रार घ्या. एखादी खराब फाइल रांगेत अडकली की मागच्या सगळ्या फाइली थांबतात. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) थांबवायचा, विंडोजच्याच सिस्टम ३२ मधल्या स्पूल फोल्डरात ‘प्रिंटर्स’ नावाचं फोल्डर असतं त्यातल्या फाइली काढायच्या (फोल्डर नव्हे), स्पूलर पुन्हा सुरू करायचा. इतरांच्या अडकलेल्या प्रिंटही जातात, म्हणून आधी विचारून घ्यावं. काम दोन मिनिटांचं, पण त्याला ॲडमिन पासवर्ड लागतो आणि तो शाखेत नसतो.

दुसरा प्रकार ‘प्रिंटर ऑफलाइन’ दिसण्याचा. वीज जाऊन आली की राउटर अनेकदा नेटवर्कवरच्या यंत्रांना नव्यानं पत्ते (आयपी) वाटतो. प्रिंटरला कालचा १९२.१६८.१.२० जाऊन आज १९२.१६८.१.२५ मिळतो, संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. अशा वेळी ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकला जातो, तासभर जातो आणि पुढच्या वेळी वीज गेली की तेच. प्रिंटरचं कॉन्फिगरेशन पान छापून त्यावरचा बारा अक्षरी मॅक पत्ता (यंत्राची स्वतःची ओळख) घ्यावा, राउटरमध्ये त्याच्या नावे एक आयपी कायमचा राखून ठेवावा आणि संगणकातला प्रिंटरचा पोर्टही (छपाई कुठल्या पत्त्यावर पाठवायची ती नोंद) त्याच आयपीवर करावा. मग हा त्रास उरत नाही.

जुन्या संगणकांत मदरबोर्डवरचा (मुख्य सर्किट बोर्डावरचा) घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपतो. संध्याकाळी बोर्डावरून मेन स्विच बंद केला की सकाळी तारीख काही वर्षं मागे गेलेली असते. संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जातात, त्यामुळे पोर्टल उघडत नाही आणि दोष इंटरनेटच्या माथी येतो. सेल बदलण्यापूर्वी बायोसमधला (संगणकाच्या मूळ सेटिंगमधला) साटा मोड (डिस्क जोडणीची सेटिंग) टिपून ठेवावा. सेल काढल्यावर हा मोड बदलला गेला तर विंडोज बहुधा सुरूच होत नाही.

पासवर्ड बदलल्यावर खातं पुन्हा पुन्हा लॉक होतं, त्यात चूक बहुधा कर्मचाऱ्याची नसते. मोबाइलमधलं मेल जुना पासवर्ड पाठवत राहतं आणि ते चुकीचे प्रयत्न धरले जातात. हेल्पडेस्कनं नुसतं अनलॉक केलं तर खातं थोड्या वेळात परत लॉक होणार. मोबाइल, वाय-फाय आणि संगणकातलं क्रेडेन्शिअल मॅनेजर (विंडोजमध्ये पासवर्ड साठवण्याची जागा), तिन्ही ठिकाणचा जुना पासवर्ड काढायला हवा.

संस्थाचालकांना कळकळीची विनंती आहे. प्रत्येक शाखेत एका कर्मचाऱ्याला निदान स्पूलर बंद-चालू करण्याचा मर्यादित अधिकार द्या. प्रत्येक प्रिंटरवर आयपी आणि मॉडेल लिहिलेलं स्टिकर लावा. तक्रारीसोबत पडद्यावरच्या संदेशाचा फोटो जाऊ द्या. ‘चालत नाही’ एवढ्यावरून दूर बसलेल्या माणसाला काही समजत नाही. आणि तिकीट तक्रारदारानं होकार दिल्याशिवाय बंद करू नका, कारण ‘रिमोटवर तपासले, ठीक आहे’ असा शेरा पडला की त्याला नवा नंबर काढून पुन्हा रांगेच्या शेवटी उभं राहावं लागतं.

आपले,
संगणक दुरुस्ती आणि नेटवर्किंगचं काम करणारे काही तंत्रज्ञ,
सोलापूर