गल्लीतील रहदारी घटल्याने गुन्हे वाढतात का?

माननीय संपादक,

निवासी भागातील गल्ल्यांमधून केवळ जवळची वाट म्हणून होणारी बाहेरची वाहतूक थांबवावी, असा विषय निघाला की ‘रस्ता सुनसान झाला तर चोरांचे फावेल, रात्री बायकांनी एकटे जायचे कसे?’ ही शंका हमखास पुढे येते. शंका रास्त आहे, पण लंडनमधील अनुभव तिच्या विरुद्ध आहे.

तेथील वॉल्थम फॉरेस्ट विभागात २०१५ पासून अनेक वस्त्यांतील गल्ल्यांवर खांब आणि झाडांच्या कुंड्या बसवून मोटारींना आरपार जाणे बंद करण्यात आले. रहिवाशांची वाहने घरापर्यंत येतात, पादचाऱ्यांना व सायकलस्वारांना मात्र पूर्वीसारखीच मोकळी वाट आहे. ॲना गुडमन आणि रेचेल ऑल्ड्रेड या संशोधकांनी २०१२ ते २०१९ या काळातील पोलिसांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशा वस्त्यांत रस्त्यावरील गुन्हे सुमारे १० टक्क्यांनी, आणि योजनेला तीन वर्षे झाल्यावर १८ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. व्यक्तींवरील हिंसक हल्ल्यांत तर घट याहून अधिक होती, आणि गुन्हे शेजारच्या वस्तीत सरकल्याचेही दिसले नाही. लक्षणीय वाढ झाली ती केवळ सायकलचोरीत. एका विभागाचा अभ्यास हा अंतिम पुरावा नव्हे हे मान्य, तरीही निव्वळ भीतीपेक्षा त्याचे वजन नक्कीच जास्त आहे.

यामागील कारण मला माणसांच्या वावरात दिसते. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरातील रस्त्यांची पाहणी केली, तेव्हा कमी रहदारीच्या रस्त्यावरील रहिवाशांना आपल्याच रस्त्यावर जितके मित्र होते, ते वर्दळीच्या रस्त्यावरील लोकांच्या मित्रांच्या सुमारे तिप्पट होते. भरधाव जाणारा वाहनचालक कोणावरही लक्ष ठेवत नाही. ओट्यावर बसलेली आजी आणि खेळणारी मुले ठेवतात.

म्हणूनच आपल्याकडे काही गल्ल्यांच्या तोंडाशी फाटक लावून पहारेकरी बसवला जातो, तो उपाय मला चुकीचा वाटतो, कारण त्याने वाहनांबरोबर पायी जाणारेही अडतात. शिवाय सोनसाखळी हिसकावणारे बहुधा दुचाकीवरून येतात आणि आतल्या रस्त्यांनी निसटतात. तेव्हा खांबांमधून दुचाकी जाणार नाही, पण व्हीलचेअर सहज जाईल, अशी रचना येथे काळजीपूर्वक आखावी लागेल. महापालिकेने वाहतूक पोलिसांच्या साहाय्याने एका प्रभागात हा प्रयोग किमान वर्षभर करावा, आणि आधीच्या व नंतरच्या गुन्ह्यांचे आकडे रहिवाशांसमोर जाहीर करावेत, ही विनंती.

– एक वाचक, पुणे