मित्राला सुतक नसतं

लातूर, रविवार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मी तिची काही जिवलग मैत्रीण नव्हते. प्रॅक्टिकलला एका बॅचला होतो, एवढंच. मग मला एवढं का होतंय?" असल्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देणं माझ्याच्याने होत नाही. म्हणून लिहायला बसलोय. लांबलं तर दोन बैठकीत वाच.

एका वर्षात वर्गातली दोन लेकरं गेली. जूनमध्ये तो, रात्री गाडीवरून येताना बायपासला. आणि आता ही, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन. तुमचं वय विशीचं. या वयात आजी-आजोबा जातात, फार तर कुणाचे वडील. बरोबरीचं माणूस जाईल हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं, आणि गेलं तर काय करायचं ते कुणी शिकवलेलं नसतं.

आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की पुढचे तेरा दिवस आखलेले असतात. त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो. तिसऱ्या दिवशी राख सावडायला जायचं. दहाव्याला नदीवर पिंड ठेवून कावळ्याची वाट बघायची. तेराव्याला गोडाचं जेवण, मग महिन्याचं, मग वर्षश्राद्ध. तुझ्या वयाचा होतो तेव्हा मला हे सगळं थोतांड वाटायचं. आता तसं ठामपणे म्हणवत नाही. रडणाऱ्या घराला तेरा दिवस एकटं बसू दिलं जात नाही, कुणी ना कुणी दारात असतं, आणि दुःख कुणाचं आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक असतं.

यात मित्र कुठे बसतो? ज्याचं तोंड कित्येक वर्षांत पाहिलं नाही त्या भावकीतल्या चुलत्याचं सुतक दहा दिवस, आणि ज्याच्या ताटात जेवलो त्या मित्राचं काहीच नाही. तुमच्या कॉलेजात दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं आणि पुढच्या सोमवारी सबमिशन घेतलं. कुणी वाईट वागलं असं मी म्हणत नाही, त्यांच्याकडेही यापलीकडे काही रीत नाही. पण त्यामुळे होतं असं की आपलं दुःख आपल्यालाच उसनं वाटायला लागतं. कुणी भेटायला येत नाही, कुणी विचारत नाही, मग मन म्हणतं, आपला काय हक्क? तुझा प्रश्न तिथून आलाय.

माझ्या बाबतीत हे कधी घडलं ते तुला अर्धवट माहीत आहे. आज सगळं सांगतो.

१९९३ साली मी लातूरला बारावीला होतो, हॉस्टेलवर. माझ्या शेजारच्या कॉटवर किल्लारीचा एक मुलगा होता. नळावरच्या रांगेतली भांडणं तोच सोडवायचा, म्हणून सगळे त्याला 'सरपंच' म्हणायचे. गणपती विसर्जनाला तो एस.टी.ने गावी गेला. आदल्या वर्षापासून तिकडे जमिनीतून आवाज येत होते, बारीक धक्के बसत होते. तो ते फुशारकीने सांगायचा, "आमच्याकडं रोज गुरगुरतंय." ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमच्या हॉस्टेलच्या कॉटा सरकल्या. आम्ही बनियनवर मैदानात पळालो. थोड्या वेळाने भीती ओसरली तेव्हा कुणीतरी म्हणालंसुद्धा, "सरपंच आला की म्हणेल, हे तर आमचं रोजचंच!" आणि आम्ही हसलो. चाळीसेक किलोमीटरवर काय झालंय ते उजाडेपर्यंत कुणाला कळलं नाही.

मी भूगोल शिकवतो, त्यामुळे दरवर्षी हा भाग फळ्यावर येतोच. भूकंपाच्या नकाशात आपला मुलूख तेव्हा झोन १ मध्ये होता, म्हणजे देशातल्या सगळ्यात निर्धोक पट्ट्यात. दख्खनचं पठार स्थिर, असं मीही परीक्षेत लिहिलं होतं आणि मार्क मिळवले होते. धक्का ६.२ च्या आसपासचा. तेवढ्यानेही घरं एवढी पडली नसती. पण दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं तेच घर माणसांच्या अंगावर आलं. विसर्जनाचं जागरण करून सगळे गाढ झोपले होते. सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास आहे. पुढे २००२ मध्ये नवा नकाशा आला, त्यात झोन १ हा प्रकारच ठेवला नाही. विशीतली पोरं स्वतःला याच झोन १ मध्ये धरून चालतात, आणि धरावंच. नाहीतर जगणार कसं?

आमच्या वर्गातली आणखीही मुलं गेली. पण तुला सांगायचंय ते दिवाळीनंतरचं.

सरपंचाची पत्र्याची पेटी कॉटखाली तशीच होती. कुलूप लावलेलं, किल्ली त्याच्या खिशात गेलेली. त्या पेटीला कुणी हात लावत नव्हतं, झाडू मारणारा मामासुद्धा तिच्या कडेकडेने झाडायचा. दिवाळीची सुट्टी संपल्यावर त्याचा चुलता आला. घरातला तोच एक वाचला होता, रात्री शेतात होता म्हणून. डोक्याला टापर, पायात दुसऱ्या कुणाच्या तरी, मदतीत मिळालेल्या चपला. कुलूप दगडाने तोडलं. आत बायोलॉजीचं जर्नल निघालं, सायकलच्या पंक्चरची चिठ्ठी, वास मारायला लागलेला चिवडा, आणि माझी कंपासपेटी; ती मी दोन महिने शोधत होतो आणि तो माझ्याबरोबर शोधायला मदत करत होता!

चुलत्याने एकेक वस्तू हातात घेऊन बघितली आणि परत आत ठेवली. मग कॉटवर बसून आम्हाला विचारलं, "ह्यो इथं कसा व्हता रं?"

आधी कुणी बोलेना. मग एकाने सांगितलं की तो पहाटे चारला उठायचा आणि सगळ्यांना उठवायचा, शिव्या खायचा. दुसऱ्याने मेसमधला गूळ चोरल्याचं सांगितलं. मी कंपासपेटीचं सांगितलं. मग एकजण म्हणाला की भिंतीवर पाल दिसली तर तो खोलीबाहेर पळायचा आणि आम्ही ती हाकलल्याशिवाय आत यायचा नाही. हे ऐकून चुलता हसला. डोळ्यांत पाणी आणि हसतोय. म्हणाला, "पालीला भ्यायचा? आरं, शेतात साप निघाला तर आम्ही ह्याला हाक मारायचो!"

त्या रात्री तो आमच्या हॉस्टेलवरच झोपला, त्याच कॉटवर. बोलणं बारा-एकपर्यंत चाललं. भूकंपाला दीड महिना उलटून गेला होता आणि त्या खोलीत कुणी मोठ्याने रडलं ते त्या रात्री पहिल्यांदा.

बाळ, मला तुला हेच सांगायचंय. माणूस गेलं की त्याच्या घरच्यांकडे त्याचं लहानपण असतं, आजारपणं असतात, हट्ट असतात. पण शेवटची दोन-तीन वर्षं त्याने हॉस्टेलात, कॅन्टीनमध्ये, प्रॅक्टिकलच्या टेबलापाशी काढलेली असतात. ती तुमच्याकडे असतात. त्याच्या आईलाही ती माहीत नसतात. तुझा हक्क किती, जिवलग होतीस की नुसती बॅचमेट, याचा हिशोब मांडत बसू नकोस. तुझ्याकडे तिचं काहीतरी आहे, ते तिच्या घरी पोचवायचं आहे.

चौकात 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लावणारे शंभर मिळतात. स्टेटसला काळा चौकोन ठेवणारे हजार. तिसऱ्या महिन्यात त्या घरी जाऊन बसणारं एखादंच. माणसं दिवसकार्यापर्यंत येतात आणि मग आपापल्या कामाला लागतात, त्यांचाही दोष नाही. पण घर खरं रिकामं होतं ते नंतर.

पितृपक्षात आपल्याकडे गुरुजी येतात तेव्हा तू लहानपणी बाजूला बसून नावं ऐकायचीस. तुझ्या आजोबांची, पणजोबांची नावं झाली की शेवटी गुरू, शिष्य आणि आप्त येतात. तिथे मी दरवर्षी एक नाव घेतो आणि तू एकदा विचारलंही होतंस की हे कोणते काका. तोच तो. पहिल्यांदा गुरुजींनी गोत्र विचारलं तेव्हा मी अडलो. आम्हाला एकमेकांची मेसची उधारी तोंडपाठ होती, गोत्र कुठून माहीत असणार! गुरुजी म्हणाले, माहीत नसेल तर कश्यप म्हणा. तेव्हापासून तो कश्यप गोत्राचा. शास्त्रात कसं बसतं ते गुरुजी जाणोत. मला वर्षातून एकदा त्याचं नाव मोठ्याने घेता येतं. तू तर्पण करावंस असं मी मुळीच म्हणत नाही. तुम्ही मुलं मिळून दुसरं काही ठरवा. तिच्या वाढदिवसाला सगळ्यांनी रक्तदान करा, नाहीतर नुसते कुठेतरी बसून चहा प्या आणि तिच्या गोष्टी सांगा.

आता तू न बोललेली गोष्ट. तुझ्या आईकडून मला कळलं की तिला ताप होता तेव्हा तू तिला "गोळी घे आणि झोप" असं म्हणाली होतीस. ते तुझ्या डोक्यातून जात नाही. तिला डेंग्यू होता. डेंग्यूत फसवणूक अशी असते की तीन-चार दिवसांनी ताप उतरतो, सगळे म्हणतात सुटलो, आणि खरा धोका नेमका तेव्हा सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं, रक्तदाब पडतो. हे भल्याभल्यांना वेळेवर ओळखू येत नाही. तू खोलीवरची पोरगी, तुझ्या जागी कुणीही तेच म्हणालं असतं. तिनेही तुला तेच म्हटलं असतं. पुढे कुणाला ताप उतरल्यावर पोटात दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं, तर थांबू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. एवढं मात्र लक्षात ठेव आणि बाकीच्या मुलींनाही सांग.

आणि त्या मुलाचा तुला राग येतो ना, हेल्मेट हँडलला अडकवून गाडी चालवत होता म्हणून? येऊ दे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यात चाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. त्या आकड्याकडे बघून राग आला नाही तर नवल. मेलेल्यावर रागवू नये असं म्हणतात, मला ते पटत नाही. ज्याच्यावर जीव असतो त्याच्यावरच माणूस असं चिडतं. फक्त त्याच्या आईसमोर हेल्मेटचा विषय काढू नकोस.

झोप येत नाही, वर्गात त्या टेबलाकडे बघवत नाही, हे काही दिवस चालणारच. पण जेवण तुटलं, आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, किंवा आपणही नसावं असला विचार एकदा जरी आला, तर आमची वाट बघू नकोस. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेव आणि तुझ्या रूममेटलाही दे. तीही गप्प गप्प आहे म्हणालीस. मग आम्हाला फोन कर, कितीही वाजले असोत.

आता ठरवलेलं सांगतो. येत्या शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने तू सोलापूरला ये. मी लातूरहून एस.टी.ने येतो. रात्री मावशीकडे उतरू आणि शनिवारी सकाळी तुझ्या बॅचच्या त्या मुलीच्या आई-वडिलांकडे जाऊ. मी बरोबर असेन, पण बोलायचं तुलाच आहे, मी त्या मुलीला कधी बघितलेलं नाही.

जाताना हार-फुलं नकोत, मिठाई तर नकोच. 'धीर धरा', 'देवाला आवडली' असलं काही म्हणू नकोस. त्यांनी ते पोतंभर ऐकलं असेल. तिच्या आईने तुला बघून एकदम हंबरडा फोडला तर घाबरू नकोस, तिच्या वयाची पोरगी दारात उभी राहिली की असं व्हायचंच. जवळ जाऊन बस. तुझ्या मोबाईलमध्ये गॅदरिंगचे फोटो आहेत ना, ते बरोबर असू देत. तिचा आवाज असलेला व्हिडिओ मात्र विचारल्याशिवाय लावू नकोस. काही घरांना तो लगेच हवा असतो, काहींना वर्षभर सोसत नाही. ताप असताना ती काय म्हणाली असं विचारलं तर जे झालं ते सरळ सांग, गोळीचंही सांग. आणि त्यांनी काहीच विचारलं नाही, नुसता चहा पुढे केला, तरी तो पिऊन अर्धा तास बसून राहा. निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, नुसतं उठून निघायचं. हे तुला माहीत नसेल म्हणून सांगितलं.

गाडीवरून गेलेल्या त्या मुलाच्या घरी दिवाळीच्या सुट्टीत जाऊ. त्याचं गाव नगरकडे आहे ना? पत्ता कुणाकडून तरी काढून ठेव, तुमच्या वर्गातलं आणखी कुणी येणार असेल तर बघ.

आईने शेंगदाण्याची चटणी करून ठेवली आहे, ती मी बरोबर आणतो. तिकीट काढलंस की आईला कळव; मला कळवलंस तर मी गाडी कुठली ते विसरेन.

तुझे,
बाबा