समुद्राचे ताजे आकडे वर्गात यावेत

महोदय,

नववीच्या भूगोलात ‘सागरजलाचे गुणधर्म’ हे प्रकरण आहे. तापमान, क्षारता, घनता यांची माहिती मुले पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. सांगली जिल्ह्यातील बहुतेक विद्यार्थ्यांनी समुद्र सहलीपुरताच पाहिलेला असतो, हे त्याचे एक कारण आहेच. परंतु समुद्रात आज काय चालले आहे हे सांगणाऱ्या नोंदी मोफत मिळत असूनही त्या वर्गापर्यंत पोहोचत नाहीत, हे मला त्याहून मोठे कारण वाटते.

आर्गो प्रकल्पाची सुमारे 4000 स्वयंचलित यंत्रे जगभरच्या महासागरांत आहेत. असे यंत्र 1000 मीटर खोलीवर वाहत राहते, साधारण दर 10 दिवसांनी 2000 मीटरपर्यंत उतरते, वर येताना तापमान व क्षारता मोजते आणि पृष्ठभागावर आल्यावर उपग्रहामार्फत पाठवते. बहुतेक नोंदी एका दिवसाच्या आत सर्वांना खुल्या होतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था हिंदी महासागराच्या नोंदी उपलब्ध करून देते.

अरबी समुद्रातील अशी एक नोंद घेऊन आम्ही वर्गात आलेख काढला. खोलीचा अक्ष वरून खाली वाढत जातो, हे मुलांना आधी पटेना. पृष्ठभागाजवळ 28-29 अंश असलेले तापमान काही अंतर जवळपास तेवढेच राहते, मग झपाट्याने उतरते आणि 2000 मीटरवर 3 अंशांच्या आसपास येते, हे त्यांनी स्वतः बिंदू जोडून पाहिले. क्षारता अरबी समुद्रात दर हजारी 36 च्या आसपास, तर बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात बरीच कमी. तेथे नद्यांचे गोडे पाणी येते, असे सांगताच एका मुलीने विचारले, “आपल्या येरळेचं पण?” येरळा ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला, वाटा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मानाने थोडा, पण आहे.

आमच्या भागात फळछाटणीनंतर द्राक्षबाग फुलोऱ्यात असताना पाऊस झाला, की डावणी या बुरशीरोगाच्या भीतीने घरातली झोप उडते. ‘कमी दाबाचा पट्टा’ हे शब्द द्राक्षबागायतदारांच्या मुलांना नवे नाहीत. चक्रीवादळ निर्माण होण्यास समुद्रपृष्ठाचे तापमान साधारण 26.5 अंशांहून अधिक लागते, हे त्यांना ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील ताज्या नकाशावर दाखवता येते. मात्र वाऱ्यांची स्थितीही अनुकूल लागते हे त्याच वेळी सांगावे, नाहीतर मुले नकाशालाच अंदाज समजतात.

ताज्या नोंदींत चुकाही असतात. म्हणून प्रत्येक मोजमापासोबत दर्जा सांगणारा अंक दिलेला असतो: 1 म्हणजे योग्य, 4 म्हणजे सदोष, सखोल तपासणी पुढे होते. छापलेला आकडा निमूटपणे उतरवून घेणाऱ्या मुलांना तो तपासायचा असतो हे कळणे, मला या साऱ्या खटाटोपात सर्वांत मोलाचे वाटते.

यासाठी प्रत्येक मुलाला संगणक लागत नाही. शिक्षकाने एक नोंद आधी उतरवून तिच्या छापील प्रती वाटल्या तरी पुरते. अडचण आहे ती इंग्रजी संकेतस्थळांची. कोणते पान उघडावे, कोणता स्तंभ वाचावा, हे सांगणारी छोटी मराठी पुस्तिका शालेय शिक्षण विभागाने शाळा सुरू होण्यापूर्वी द्यावी आणि भूगोलाच्या अंतर्गत मूल्यमापनात अशा एका आलेखाला गुण ठेवावेत, ही विनंती.

– एक भूगोल शिक्षक, तासगाव (जि. सांगली)