रागमाला चित्रांसोबत ध्वनिमुद्रण नको, ध्यानश्लोक हवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील रागमाला चित्रांवरचा, म्हणजे रागांना माणसांच्या रूपात दाखवणाऱ्या लघुचित्रांच्या संचांवरचा, लेख आस्थेने वाचला. लघुचित्रांना मराठी वृत्तपत्रात इतकी जागा क्वचितच मिळते, त्यामुळे आधी आपले आभार मानतो. मात्र ‘चित्रकाराने राग ऐकला आणि तो रंगांत उतरवला’ असे जे विधान लेखात आहे, आणि त्याच्याच आधारे प्रदर्शनात प्रत्येक चित्रापुढे त्या नावाचा आजचा राग ध्वनिमुद्रणातून ऐकवावा अशी जी सूचना केली आहे, त्या दोन्हींविषयी मतभेद नोंदवणे आवश्यक वाटते.

रागमालेतील चित्र स्वरांवरून काढलेले नसते, ते शब्दांवरून काढलेले असते. प्रत्येक रागाची किंवा रागिणीची, म्हणजे रागाची पत्नी मानल्या जाणाऱ्या रागरूपाची, मूर्ती कशी कल्पावी हे सांगणारा श्लोक, म्हणजे त्या रागाचे ध्यान, संस्कृत संगीतग्रंथांत दिलेला असे आणि पुढे त्याची ब्रजभाषेतील रूपांतरेही प्रचारात आली. रागांना देवता नेमून देण्याची रीत तर त्याहून जुनी असून, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकरा’तही ती दिसते. राजस्थानातील बहुतेक संचांत सहा राग आणि प्रत्येकाच्या पाच रागिण्या अशी छत्तीस चित्रे असतात. हिमालयाच्या पायथ्याच्या पहाडी चित्रकारांनी क्षेमकर्ण या ग्रंथकाराची १५७० ची मांडणी स्वीकारली आणि त्यात प्रत्येक रागाला आठ पुत्रही असल्यामुळे कुटुंबाची संख्या चौऱ्यांशीवर जाते. हा सगळा संसार कवींनी आणि शास्त्रकारांनी थाटला, चित्रकार त्यात मागाहून आला.

कानडा रागाचे चित्र पाहावे. त्यात हाती तलवार घेतलेला वीर असतो, नुकताच मारलेला हत्ती किंवा त्याचा सुळा असतो आणि समोर चारण त्याची स्तुती करीत असतात. हे चित्र पाहत असताना कानात दरबारी कानड्याचा संथ लयीतला विलंबित ख्याल आणि त्यातला झुलता, आंदोलित गंधार पडू लागला, तर प्रेक्षकाला दोन्हींचा मेळ कसा घालता येईल? त्याला एक तर चित्र चुकले आहे असे वाटेल, नाही तर आपल्याला गाणे कळत नाही असे वाटेल. संस्कृत श्लोकात मात्र तलवार, गजदंत आणि स्तुती करणारे चारण हे तिन्ही स्पष्ट आलेले आहेत. देशाख रागिणीच्या चित्रात कसरत करणारे मल्ल आणि खांबावर चढलेला गडी दिसतो. शिवाजी पार्कवर मल्लखांब पाहत वाढलेल्या मुंबईकराला ते चित्र पाहून नक्कीच मौज वाटेल, पण तिथेही मल्ल आले आहेत ते श्लोकातूनच.

तोडीचे उदाहरण अधिक बोलके आहे. वीणा घेऊन वनात उभी असलेली विरहिणी आणि तिच्या वादनाने भुललेली हरणे, हे तोडीचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. आज आपण ज्याला तोडी म्हणतो त्यात ऋषभ, गंधार आणि धैवत कोमल आणि मध्यम तीव्र असतो. कर्नाटक संगीतात त्याच नावाने गायल्या जाणाऱ्या रागाचे स्वर मात्र आपल्या भैरवीचे आहेत. एकाच नावाखाली आजही दोन पद्धतींत दोन वेगळे सप्तक नांदत असताना, सतराव्या शतकातील माळव्याच्या चित्राला विसाव्या शतकातील ध्वनिमुद्रण जोडणे धाडसाचे आहे. दरम्यानच्या काळात उत्तरेकडे शुद्ध स्वरांचे सप्तकही बदलले आणि बिलावल हे शुद्ध सप्तक म्हणून रूढ झाले.

चित्रकारांच्या कामाची रीतही हेच सांगते. १५९१ मध्ये काशीजवळच्या चुनार येथे रंगवलेल्या रागमालेतील रचना बुंदी आणि कोटा येथील चित्रकारांच्या पिढ्यांनी जवळजवळ दोन शतके गिरवल्या. जुन्या चित्राचा खाका उतरवून घ्यायचा आणि त्यावरून नवे चित्र बांधायचे, अशी ती परंपरा होती. यात चित्रकाराला कमी लेखण्यासारखे काहीच नाही. मेवाडच्या महाराणा अमरसिंहाच्या काळात, मोगलांशी संघर्ष चालू असताना, १६०५ मध्ये चावंड येथे नासिरुद्दीनने रंगवलेली रागमाला पाहिली किंवा साहिबदीनचा १६२८ चा मेवाडी संच पाहिला, तर ठरलेल्या विषयातही लाल-पिवळ्या सपाट रंगांचे बळ किती उभे करता येते हे कळते. त्यांची प्रतिभा त्या रंगांत आणि रेषेत आहे. त्यांच्यावर गवयाचा कान लादण्याची गरज नाही.

अर्थात राग आणि चित्र यांचा काहीच संबंध नाही असे म्हणणे दुसऱ्या टोकाला जाण्यासारखे होईल. पहाटे निजलेल्या प्रियेला सोडून निघालेला नायक ललतच्या चित्रात असतो, आणि ललत आजही पहाटेच गातात. मेघाच्या चित्रात पाऊस असतो. वेळ, ऋतू आणि रस या तीन धाग्यांनी नाते टिकून आहे, परंतु ते सर्व रागांत सारखे टिकलेले नाही, आणि नेमके कुठे टिकले व कुठे तुटले हे प्रेक्षकाला सांगणे हेच खरे तर प्रदर्शन मांडणाऱ्याचे काम आहे.

लेखात आपल्या प्रदेशाचा उल्लेख केवळ ‘दख्खनी शैली’ एवढाच आला, याचेही आश्चर्य वाटले. सोळाव्या शतकाच्या अखेरीची काही अप्रतिम रागचित्रे, हिंदोलाचे प्रसिद्ध चित्र धरून, बिकानेरच्या संग्रहातून उजेडात आली असली तरी ती दख्खनची आहेत. ती अहमदनगरची की विजापूरची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांच्या माथ्यावर संस्कृत श्लोक देवनागरीत लिहिलेले आहेत. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह स्वतः दख्खनीत गीते रचत असे आणि त्याच्या ‘किताब-ए-नवरस’मध्ये रागांची शब्दचित्रेही आहेत. निजामशाही आणि आदिलशाही म्हटली की आपल्याला लढाया तेवढ्या आठवतात, गाणे आठवत नाही.

ज्यांनी राग-रागिणी पद्धती बाजूला सारून दहा थाटांची, म्हणजे रागांची विभागणी करणाऱ्या दहा मूळ सप्तकांची, मांडणी केली ते पंडित विष्णू नारायण भातखंडे याच मुंबई शहरात, वाळकेश्वरला, १८६० मध्ये जन्मले. त्यांनी आपला मोठा ग्रंथ मराठीत, गुरू-शिष्यांच्या संवादरूपाने लिहिला. रागांचे हे कुटुंब प्रत्यक्ष गायनाला लागू पडत नाही हा त्यांचा निष्कर्ष आज प्रत्येक संगीत विद्यालयात गृहीत धरला जातो. असे असताना मुंबईतच चित्रांच्या निमित्ताने तीच पद्धती गायनाचे शास्त्र म्हणून मागच्या दाराने परत आणली जावी, हे विसंगत आहे. काव्य आणि चित्रकला यांच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे आणि तिथे ती जरूर शिकवावी.

प्रदर्शन भरवणाऱ्यांना एकच सुचवावेसे वाटते. अशा चित्रांखाली बहुधा रागिणीचे नाव, शैली आणि शतक एवढीच पाटी असते. मेवाड आणि माळव्याच्या अनेक चित्रांच्या माथ्यावरील पट्टीत मजकूर देवनागरीतच असतो. मराठी माणसाला ती लिपी वाचता येते, थोडा धीर धरला तर ब्रजभाषेचे निम्मे शब्दही लागतात, परंतु अक्षर जुन्या वळणाचे आणि शब्द एकमेकांना जोडून लिहिलेले असल्यामुळे तो पुढे सरकतो. पाटीवर ती ओळ आजच्या अक्षरात, पदच्छेद करून आणि खाली सोप्या मराठी अर्थासह दिली, तर काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रे पाहायला येणाऱ्या शाळकरी मुलालाही हरणे का आली आणि खांबावर माणूस का चढला याचा उलगडा होईल. संगीत ऐकवायचेच असेल तर ते वेगळ्या दालनात, ‘आज या नावाने गायला जाणारा राग’ अशा स्पष्ट उल्लेखासह ऐकवावे.

आणि एक विनंती आपल्यालाही. लेखासोबत छापलेल्या तोडीच्या चित्राची वरची पिवळी पट्टी पानाच्या मांडणीत कापली गेली आहे. पुढील वेळी चित्र लहान छापावे लागले तरी चालेल, पण ते पट्टीसह छापावे.

आपला विश्वासू,
एक वाचक,
गिरगाव, मुंबई