पित्ताची गोळी महिनोन्‌महिने चालू असेल तर आधी तपासणी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत ॲसिडिटीवर थंड दूध, जिऱ्याचे पाणी, आवळा असे उपाय सांगणारा लेख वाचला. रात्री जेवून लगेच आडवे होऊ नका, तंबाखू सोडा, जेवणाच्या वेळा पाळा, हे त्यात ठासून सांगितले ते फार बरे झाले. पण ज्याचे पित्त महिनोन्‌महिने जात नाही त्याने काय करायचे, हे त्यात राहून गेले. माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे, म्हणून हे पत्र.

मी नाशिकच्या सिडकोत मेडिकल चालवते. बी. फार्म. झाल्यापासून काउंटरच्या याच बाजूला उभी आहे. चिठ्ठीशिवाय जे औषध माझ्याकडे सर्वांत जास्त मागितले जाते ते म्हणजे सकाळी उपाशीपोटी घ्यायची पित्ताची गोळी. अंबड, सातपूरच्या कारखान्यांची पहिली पाळी सुटली की एकामागून एक माणसे येतात. नाव कोणी घेत नाही. रिकामी पट्टी काउंटरवर ठेवतात, कोणी मोबाइलवरचा फोटो दाखवतो, नाहीतर नुसते, “ताई, गॅसची एक पट्टी द्या.” पट्टीवर लाल रेघ असते, शेड्यूल एचची. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नाही असा तिचा अर्थ. मी चिठ्ठी मागितली की, “अहो, साधी पित्ताची तर गोळी आहे,” म्हणून समोरचा पुढच्या दुकानात जातो, आणि तिथे त्याला ती मिळते.

हे औषध वाईट आहे असे मला अजिबात म्हणायचे नाही. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल ही सगळी एकाच घराण्यातली. जठराच्या अस्तरातल्या पेशींत आम्ल सोडणारे पंप असतात, ते ही औषधे बंद करतात. जेवताना हे पंप सुरू होतात आणि सुरू असलेल्या पंपावरच औषध लागू पडते, म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची. १९८८ मध्ये ओमेप्राझोल बाजारात आले आणि अल्सरने, म्हणजे पोटातल्या जखमेने, रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला झोप मिळू लागली. ‘या गोळीने किडनी जाते, स्मृती जाते’ असे मेसेज फिरत असतात, त्यांनी घाबरून हृदयरोगाचे रुग्णही गरजेची गोळी सोडतात. त्यांच्यासाठी सांगते. १७,५९८ रुग्णांवर तीन वर्षे चाललेली एक मोठी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना पॅन्टोप्राझोल, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. किडनीचे आजार, स्मृतिभ्रंश, हाड मोडणे, न्यूमोनिया, यांत दोन्ही गटांत ठळक फरक निघाला नाही. आतड्यांचे संसर्ग तेवढे गोळी घेणाऱ्यांत थोडे जास्त होते, १.४ टक्के विरुद्ध १ टक्का. जठरातले आम्ल जंतू मारते, ते कमी केले की एवढे होणारच. वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते हेही खरे. आपल्याकडे शाकाहारी माणूस, त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू (तेही ब-१२ उतरवते) आणि वर ही गोळी, असे गिऱ्हाईक मला रोज भेटते. हातापायांना मुंग्या येतात म्हणून तो आणखी एक गोळी मागायला आलेला असतो.

मग माणसे ती सोडत का नाहीत? “बंद केली की दुप्पट जळजळ होते ताई,” हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे! त्यांचे म्हणणे खरे आहे. डेन्मार्कमध्ये १२० निरोगी माणसांवर प्रयोग झाला, ज्यांना पित्ताचा त्रासच नव्हता अशा. निम्म्यांना आठ आठवडे याच घराण्यातले औषध देऊन थांबवले, तर त्यांच्यातल्या ४४ टक्क्यांना पुढच्या चार आठवड्यांत जळजळ, आंबट ढेकर सुरू झाले. ज्यांना औषध दिलेच नव्हते त्यांच्यात हे प्रमाण १५ टक्के होते. आम्ल दाबून धरले की शरीर ते वाढवण्याच्या खटपटीला लागते आणि औषध थांबले की काही आठवडे ते उसळते. हे कोणी समजावून सांगत नाही. माणसाला वाटते, आपला रोगच जबर आहे, आणि तो पुन्हा पट्टी घ्यायला येतो. डॉक्टरच्या सल्ल्याने डोस हळूहळू उतरवून, मध्ये साधे अँटासिड घेऊन ही गोळी बऱ्याच जणांची सुटते.

आणि ज्या कॅप्सूलमध्ये सोबत डोम्पेरिडोन हे मळमळीचे औषध असते, तिच्याबद्दल तर मला फारच काळजी वाटते. युरोपातल्या औषध नियामकांनी २०१४ मध्येच हृदयाच्या ठोक्यांवर होणाऱ्या परिणामामुळे डोम्पेरिडोन फक्त मळमळ-उलटीसाठी आणि साधारण एका आठवड्यापुरतेच वापरायला सांगितले. आपल्याकडे तीच कॅप्सूल लोक वर्षभर रोज सकाळी घेतात.

आता मुख्य मुद्दा. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो १९८२ मध्ये पहिल्यांदा प्रयोगशाळेत वाढवला. अल्सर चिंतेने आणि तिखटाने होतो असे सगळे मानत होते तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये हा जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. त्याच्याही आधी, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातले होते. एवढे सगळे होऊनही आपल्या नाशकात पोट बिघडले की दोष मिसळीला! तिखट रश्श्याने जळजळ वाढते, हे खरे. अल्सर मात्र मुख्यतः दोन गोष्टींनी होतो, हा जंतू आणि दुखण्याच्या गोळ्या. गुडघे दुखतात म्हणून आजी डायक्लोफेनॅक मागतात आणि त्याच दमात “पित्ताची पण दे बाई” म्हणतात, तेव्हा मी दोन्ही पट्ट्या बाजूला ठेवून आधी विचारते, किती दिवस चालू आहे?

सगळ्यांच्या पित्तामागे हा जंतू असतो असे नाही. वाकल्यावर, आडवे झाल्यावर घशाशी आंबट येत असेल तर ते बहुधा आम्ल अन्ननलिकेत वर चढण्याचे दुखणे असते. ज्यांच्या पोटात हा जंतू असतो त्यांतल्याही बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. पण कोणाला होणार आणि कोणाला नाही, हे काउंटरवरून ओळखता येत नाही. रोजची गोळी दुखणे झाकून ठेवते, ही खरी भीती आहे.

माझ्याकडच्या एका गिऱ्हाइकाचे सांगते. वेल्डिंगचे काम करणारे गृहस्थ. त्यांच्या पट्ट्या न्यायला एकदा त्यांची पत्नी आली. बोलता बोलता म्हणाली, जिना चढताना त्यांना दम लागतो आणि शौचाला डांबरासारखी काळी, चिकट होते. मी गोळी दिली नाही, आजच्या आज दवाखान्यात न्या म्हटले. हिमोग्लोबिन खूप खाली गेले होते. दुर्बीण घातल्यावर अल्सर दिसला, त्यातून रक्त झिरपत होते, आणि तपासणीत हाच जंतू निघाला. पोटदुखी त्यांना जवळजवळ नव्हतीच.

पुढचे औषध मात्र सोपे नसते. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये नवे मार्गदर्शन दिले. पूर्वी सर्रास दिला जाणारा, क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक असलेला तीन औषधांचा कोर्स, जंतू त्याला दाद देतो हे तपासल्याशिवाय देऊ नये, आणि बहुतेकांना आधी बिस्मथसह चार औषधे १४ दिवस द्यावीत, असे त्यात आहे. जंतू प्रतिजैविकांना जुमानेनासे झाले आहेत, हे त्यामागचे कारण. तापाला, जुलाबाला मनाने दोन-दोन दिवस घेतलेल्या गोळ्यांचे हे फळ आहे. आपल्याकडे जुलाबावर मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक किती सहज घेतले जाते ते मी रोज पाहते. त्या गृहस्थांना मी चारही औषधांच्या वेळा वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिल्या, ते पान त्यांनी फ्रीजवर लावले. सहाव्या दिवशी घाबरून फोन आला, परत काळी झाली! बिस्मथने जीभ आणि शौच काळी पडते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. डांबरासारखी चिकट, घाण वासाची होत असेल किंवा चक्कर, दम असेल तर लगेच दवाखाना गाठा. नुसता रंग बदलला आणि बाकी बरे वाटत असेल तर डॉक्टरांना फोन करून खात्री करा, पण मनाने कोर्स सोडू नका, हे बिस्मथ देणाऱ्या प्रत्येकाने सांगायला हवे. तोंड कडू होते, मळमळते, आणि चार-पाच दिवसांत पोटाला बरेही वाटते. कोर्स अर्धवट सुटतो तो तिथेच.

तपासणीची गोष्ट तर आणखी सांगण्यासारखी. श्वासाची तपासणी आणि शौचातील अँटिजेनची (जंतूच्या अंशाची) तपासणी, दोन्हींत दुर्बीण लागत नाही. श्वासाच्या तपासणीत खुणेचा कार्बन असलेला युरिया पाजतात. हा जंतू युरिया फोडतो, मग तो कार्बन श्वासातून बाहेर पडतो आणि यंत्रात दिसतो. पण पित्ताची गोळी चालू असताना जंतू दबलेला असतो आणि तपासणी खोटेच ‘नाही’ म्हणू शकते. म्हणून तपासणीआधी ही गोळी दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद हवीत, अर्थात डॉक्टरांना विचारून. सकाळी उपाशीपोटी गोळी घेऊन दहाला लॅबमध्ये गेलेली, निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन निर्धास्त झालेली माणसे मी पाहिली आहेत. रक्ताच्या तपासणीने काम भागत नाही, कारण जंतू गेल्यावरही रक्तातली खूण बराच काळ राहते. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला का ते पुन्हा पाहायचे असते. ते तर जवळजवळ कोणीच करत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. चीनच्या लिन्‌चू परगण्यात १,८०,२८४ गावकऱ्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. जवळपास बारा वर्षांच्या पाहणीत, ज्यांचा जंतू खरोखर गेला त्यांच्यात जठराचा कर्करोग, जंतूवरचा पूर्ण उपचार न मिळालेल्या गटापेक्षा सुमारे १९ टक्के कमी होता. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून सगळ्यांची तपासणी करून उपचार केले, तिथे या कर्करोगाचे प्रमाण ५३ टक्क्यांनी उतरले. जपानमध्ये २०१३ पासून जंतूमुळे नुसती जठराला सूज असली तरी हा उपचार विम्यात बसतो. आणि जुलै २०२५ मध्ये त्याच कर्करोग संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी १८५ देशांचा हिशेब मांडला. २००८ ते २०१७ या काळात जन्मलेल्या मुलांपैकी जगभरात १ कोटी ५६ लाख जणांना आयुष्यात कधीतरी जठराचा कर्करोग होईल, त्यांतले ७६ टक्के या जंतूमुळे आणि दोन तृतीयांश आशियात. तपासून उपचार केले तर यातला ७५ टक्क्यांपर्यंत भार टळू शकतो. ही मुले आज आपल्या शाळांत आहेत. जंतू बहुधा लहानपणीच घरातल्या घरात लागतो, म्हणून घरात एकाला निघाला तर बाकीच्या मोठ्यांनीही डॉक्टरांना विचारावे.

१९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे. नाशिक जिल्ह्यात या जंतूवर कोणते प्रतिजैविक चालते आणि कोणते नाही, याची पाहणी तिथल्या मार्गदर्शनाखाली व्हावी, असे मला मनापासून वाटते. डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावे लागू नये. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत शौचाची ही तपासणी रोजंदारीवरच्या माणसाला झेपेल अशा दरात मिळावी. आणि आम्हा औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी निदान एवढे ठरवावे, की एकच माणूस लागोपाठ चिठ्ठीशिवाय ही पट्टी मागत असेल तर त्याला ती न देता डॉक्टरांकडे धाडायचे. एका दुकानाने नाही म्हणून काही होत नाही, ते मी रोज अनुभवते.

आपल्याला विनंती अशी, की पुरवणीत एक ठळक चौकट छापा. वजन कारण नसताना उतरणे, गिळताना अडकणे, काळी शौच, रक्ताची किंवा वारंवार उलटी, अशक्तपणा, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले पित्त असेल तर गोळी नको, डॉक्टर गाठा. घाम सुटून छाती जड झाली, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे गेले, तर ते पित्त समजू नका, थेट रुग्णालयात जा. तपासणीआधी गोळी किती दिवस बंद ठेवायची तेही त्यात असू द्या. आपण ती छापलीत तर मी कापून काउंटरच्या काचेवर लावीन, आणि गोळे कॉलनीत माल घ्यायला जाईन तेव्हा ओळखीच्या दुकानदारांना तिच्या प्रती देईन.

आपली नियमित वाचक,
एक फार्मासिस्ट, सिडको, नाशिक